माणसाळवण्याची रीत

नावेतून उतरताना तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. एकीत कांदे-बटाटे, दुसरीत बॅटऱ्या, मेणबत्त्या आणि नवऱ्याने आठवणीने मागवलेली दाढीची पाती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून दोन महिने ती शहरात अडकली होती. आई शेवटी वैतागून म्हणाली होती, "तुझं लक्ष माझ्या गुडघ्यात नाहीच मुळी. जा बाई, तुझ्या माकडांकडे जा." आणि आईचं काही चुकलं नव्हतं.

तिचं माकडांच्या अभ्यासाचं केंद्र म्हणजे नदीकाठी खांबांवर उभं केलेलं एक लाकडी घर. वर पत्रा, पुढे पडवी, आणि मागच्या दारापासून जंगल सुरू. कपड्यांना बुरशी, बुटांत रोज सकाळी काहीतरी वळवळणारं. नातेवाइकांना वाटे, नवरा-बायको दोघंही संशोधक, तिकडे यंत्रं लावून काय काय शोध लावत असतील. खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं त्या दोघांनी झाडाखाली बसून पाला चघळण्याचं नाटक केलं होतं.

हसू नका, रीतच आहे ती. रानातली माकडं माणूस दिसला की पळतात, आणि पळणाऱ्यांचा अभ्यास काय करणार, कपाळ? म्हणून आधी त्यांना माणसाळवायचं. रोज ठरल्या वेळी जायचं. रोज तेच कपडे घालायचे, म्हणजे ओळख पटते. जाताना जीभ टाळ्याला लावून वाजवायची, टक्... टक् टक्, म्हणजे त्यांना कळतं की नेहमीचंच माणूस आलंय. मग लांब, त्यांच्याकडे पाठ करून बसायचं. डोळ्याला डोळा म्हणून भिडवायचा नाही. हाताला येईल तो पाला ओरबाडून चघळल्यासारखं करायचं, म्हणजे हा प्राणी आपल्याला खाणारा नव्हे, पाला खाणारा आहे, अशी त्यांची समजूत होते. ती बिचकली की मुकाट्याने उठून निघून यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं, आणि कालच्यापेक्षा थोडं अलीकडे बसायचं. असं करता करता एक दिवस तुम्ही जाता आणि ती हातातलं फळ खात राहतात, मान वर करत नाहीत. झालं काम. तो दिवस आला तेव्हा ती हमसून रडली होती, आणि नवऱ्याने तिला उचलून पडवीभर गरगर फिरवलं होतं.

तिचा ओळखीचा कपडा म्हणजे एक निळा सदरा. नवऱ्याचा चौकटीचा. पण माकडांचा ओढा तिच्याकडे जास्त. नवऱ्यापासून ती दोन हात लांबच राहत, आणि यावरून तो थट्टेने म्हणायचा, "माहेर तुझं, मी आपला पाहुणा." टोळीत एक म्हातारी होती, तिला ती आत्याबाई म्हणे. सगळ्यांना टपल्या मारायची, सगळ्यांचं नीट चाललंय ना बघायची. तिच्या उजव्या हाताची करंगळी कधीतरी मोडून आतल्या बाजूला वाकडी बसली होती. एका दुपारी ही आत्याबाई खाली उतरली, निळ्या सदऱ्याला पाठ टेकून बसली आणि चक्क डुलकी काढून गेली. पाठीला लागलेली ती ऊब पुढे किती दिवस तिच्या अंगावर राहिली होती.

तर ती नावेतून उतरली. नवरा धक्क्यावर उभा होता. त्याने पिशव्या घेतल्या आणि खाली बघत म्हणाला, "एक वाईट बातमी आहे. तुला आधी सांगवेना."

"काय झालं?"

"साथ आली, अगं. टोळी गेली सगळी. आठवड्याच्या आत."

ती धक्क्यावरच बसली. नवऱ्याने तिला जवळ घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. किती वेळ ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि तो "हो गं, हो गं" म्हणत राहिला. मग ओशाळल्यासारखं म्हणाला की त्याला याच नावेने शहरात जावं लागणार, बैठक आहे, टाळता येत नाही. तिने स्वतः त्याची बॅग भरून दिली. खुंटीवर निळा सदरा दिसला नाही म्हणून विचारलं, तर म्हणाला, "बुरशी धरली होती, फेकला मी." तिला ते खरं वाटलं. न वाटायचं काय कारण होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उंबराकडे गेली. टोळीचं ते मुक्कामाचं झाड. निदान कुठे हाडं सापडतील, या आशेने. हाडं नव्हती. पण उंबराच्या भोवतीची झाडं कापलेली होती, गोल, व्यवस्थित. एकही फांदी उंबराच्या फांदीला लागत नव्हती. खालच्या मातीत खुंट ठोकल्याची भोकं होती आणि एका खोडाला जाळ्याचा तुटका दोर लोंबत होता. असं झाड का वेगळं पाडतात, हे तिला माहीत होतं. वरून पळायला वाट राहू नये म्हणून.

केंद्रात स्वयंपाक करणारे मामा चुलीपुढे बसले होते. तिने दोर त्यांच्यापुढे टाकला. मामांनी दोराकडे पाहिलं आणि पोळपाटावरचं लाटणं थांबवलं.

"मला काही विचारू नका, ताई."

"मामा."

"साहेब म्हणाले, ताईंना ठाऊक आहे. मी काय करणार हो? चार माणसं आली होती जाळी घेऊन. जिवंत आणि माणसाळलेली हवी होती त्यांना, कुठल्याशा प्रयोगशाळेला. इथला पैसा बंद होणार होता म्हणे."

"आणि ती पळाली नाहीत?"

मामांनी मान खाली घातली. "पळतील कशी? साहेब पुढे चालत होते. जीभ वाजवत. आणि अंगात... तुमचा निळा सदरा होता."

मामाच मग हळू आवाजात सांगत राहिले. माकडं खाली उतरली. नेहमीसारखी भोवती बसली. जाळी पडली तेव्हा आत्याबाई साहेबांनाच बिलगली, सदऱ्याची बाही धरून. तिला वाटलं असेल, ताई वाचवतील. साहेबांनी झटकलं, पण ती सोडेचना. शेवटी सदराच फाटून अंगातून निघाला, आणि त्या गोंधळात म्हातारी दोन पिल्लांना घेऊन निसटली. सदरा तिच्या हातातच होता.

संध्याकाळी तिने वायरलेसवर नवऱ्याला गाठलं. वाटलं होतं, तो नाही म्हणेल. थोडं तरी खोटं बोलेल. तो थकलेल्या आवाजात म्हणाला, "मामांनी सांगितलं ना? बरं झालं. मलाही जड झालं होतं."

"का, रे?"

"पाच वर्षं घातली आपण. सगळं बंद पडणार होतं. आता निदान दुसरीकडे नव्याने सुरू करता येईल." मग अगदी मायेने म्हणाला, "ऐक. त्यांना त्रास नाही झाला. एकही पळालं नाही. एकही ओरडलं नाही. तुझ्या कामाचं यशच म्हणायचं हे."

तो पुढे बोलतच होता. म्हातारी आणि दोन पिल्लं राहिली होती, तीही त्या लोकांना हवी होती. पुढच्या नावेने तो येणार होता, माणसं मागाहून. "माझ्याकडे आता येणार नाहीत ती. तुझ्याकडे येतील. तू फक्त हाक मार, बाकीचं मी बघतो." तिने यंत्र बंद केलं आणि अंधार पडेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिली. दहा वर्षांचा संसार. माणूस इतका ओळखीचा की त्याच्या पावलांच्या आवाजाकडे तिचं कधी लक्षही जात नसे.

सकाळी मामांनी गाठोडं बांधलं. एक मासेमारी करणारा होडीवाला चालला होता, त्याच्यासोबत ते गावी निघाले. "ताई, चला तुम्हीही," ते म्हणाले. ती म्हणाली, माझं काम राहिलंय. आणि काम एकच होतं. नवरा परत येईपर्यंत त्या तिघांना शोधायचं आणि माणसाचं भय पुन्हा शिकवायचं. पाच वर्षं लावून जे पुसलं, ते चार-आठ दिवसांत पुन्हा उमटवायचं होतं.

रिकामा डबा आणि पळी घेऊन ती जंगलात हिंडली. दुपारी ओढ्याच्या वरच्या अंगाला ती तिघं दिसली. आत्याबाई, आणि तिच्या पोटाशी दोन पिल्लं. तिला बघून म्हातारी फांदी फांदी करत खाली यायला लागली. तिने डबा बडवला. म्हातारी थांबली, आणि पुन्हा उतरू लागली. "जा!" ती ओरडली. "जा गं बाई, जा!" मग तिने दगड उचलून मारला. तो म्हातारीच्या खांद्यावर बसला, त्याचा आवाजही तिला ऐकू आला. आत्याबाई ओरडली नाही. म्हातारीने तिच्या डोळ्यांत पाहिलं, सरळ, जसं तिने इतक्या वर्षांत कधीच पाहिलं नव्हतं. मग पिल्लांना घेऊन ती वर गेली, पानांत दिसेनाशी झाली. खाली ती ओढ्यात बसून रडली, पण मनातून म्हणाली, जमलं. आता येणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती पडवीत कपडे वाळत घालत होती. हवा कोंदटलेली, पान हलत नव्हतं. रातकिडे दिवसाही किरकिरत असतात तिथे, ते एकाएकी थांबले. आणि झाडीतून आवाज आला. टक्... टक् टक्.

तिला वाटलं, नवरा लवकर आला. "कोण आहे?" कोणी बोललं नाही. धक्क्यावर नाव नव्हती. मग मोकळ्या जागेच्या पलीकडच्या टोकाला तिला निळा रंग दिसला. कोणीतरी झाडाखाली बसलं होतं, तिच्याकडे पाठ करून. अंगात तिचा सदरा, एक बाही खांद्यापासून लोंबत असलेली. हात वर गेला, पाला ओरबाडला, तोंडाशी नेला. खाणं नव्हतं ते. चघळल्याचं नाटक होतं.

ती किंचाळली. ते शांतपणे उठलं आणि मागे न बघता झाडीत गेलं. उठण्याची तऱ्हा चुकीची होती, गुडघे कुठे वाकवायचे हे नुकतंच शिकल्यासारखी.

तिने दारं लावून घेतली. वायरलेसवर नुसती खरखर येत होती. त्या रात्री काहीच झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच वेळी, रातकिडे थांबले. टक्... टक् टक्. ते आलं आणि बसलं. कालच्यापेक्षा थोडं अलीकडे.

तेव्हा तिला कळलं. अंगावर सर्रकन काटा आला तो त्या पाठीमुळे नाही, रीत ओळखीची होती म्हणून. त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. ती बिचकली की ते उठून जाई. ती खिडकीतून बघत असली की जास्त वेळ पाला चघळत बसे, अगदी बिनधोक, निरुपद्रवी. घाई म्हणून नव्हती. तिने स्वतः पाच वर्षांत इतकी छान रीत कधी पाळली नव्हती. तिने दगड मारून पाहिला, डबा बडवून पाहिला. ते जाई, आणि दुसऱ्या दिवशी येई. एकदा हात फांदीकडे गेला तेव्हा तिला तो नीट दिसला. लांब, मोठा, माणसाच्या हातापेक्षा मोठा हात. आणि करंगळी आतल्या बाजूला वाकडी.

दिवस कसे गेले ते तिला पुढे सांगता आलं नाही. पहिल्यांदा ती पलंगाखाली बसायची. मग खिडकीशी उभी राहू लागली. मग दार उघडं राहू लागलं, उकडायचं फार. एका दुपारी ती पडवीत ताट घेऊन बसली होती, भात कालवत होती, विचार करत होती की बॅटऱ्या संपत आल्या. घास तोंडात गेला आणि तिला दिसलं की ते पडवीच्या पायरीवर बसलंय. पाठ तिच्याकडे. निळं कापड हाताच्या अंतरावर. कधीचं बसलं होतं कोण जाणे. टकटक झाली असणार, रातकिडे थांबले असणार. तिने मान वर केली नव्हती.

ती जेवत राहिली. त्या पाठीला ओल्या पानांचा आणि जुन्या घामाचा वास येत होता, तिच्याच घामाचा. ताट धुताना मात्र तिच्या ते ध्यानात आलं. भीती गेली होती म्हणून ती घाबरली होती.

दुसऱ्या दिवशी नाव आली. ती आत होती, खिडकीच्या जाळीमागे. नवरा धक्क्यावर उतरला, नावाड्याला "थांब इथेच" म्हणाला आणि पडवीकडे यायला लागला. अंगात चौकटीचा सदरा, हातात एक पिशवी. तिच्या आवडीचं काहीतरी आणलं असणार, तो नेहमी आणायचा. "अगं, आहेस का?" तो म्हणाला. "रागावलीस का अजून?"

रातकिडे थांबले. टक्... टक् टक्.

नवरा थबकला आणि वळला. मोकळ्या जागेच्या पलीकडे, झाडीच्या तोंडाशी निळी पाठ उभी होती. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. तो हसला. खरंखुरं, प्रेमाने हसला.

"सापडला वाटतं तुझा सदरा!" त्याने हाक मारली. "त्यांनाच शोधतेयस ना? थांब, मीही येतो."

निळी पाठ आत वळली. तो मागे निघाला.

तिला ओरडता आलं असतं. जाळीतून एक हाक पुरेशी होती. तिने तोंड उघडलंही. आणि तिला उंबराच्या भोवतीची ती कापलेली झाडं दिसली, बाही धरून लोंबकळणारी म्हातारी दिसली, आणि वायरलेसवरचा तो मायेचा आवाज ऐकू आला. तिने तोंड मिटलं. नवरा बिनघोर चालत होता. हातातली पिशवी त्याने खांद्यावर टाकली. मग चौकटीचा सदरा पानांआड गेला, आणि जरा वेळाने वरच्या फांद्या हलल्या, एकीकडून नाही, चारी बाजूंनी. एकही हाक आली नाही. रातकिडे पुन्हा किरकिरायला लागले.

नावाड्याने तिन्हीसांजेपर्यंत वाट पाहिली. "साहेब कुठे गेले?" त्याने विचारलं.

"माकडांकडे," ती म्हणाली.

पुढे शोधपथकं आली, कुत्री आली. काही सापडलं नाही. उंबराखाली पिशवी तेवढी मिळाली, नीट तोंड बांधलेली. ती शहरात आईकडे येऊन राहिली. एका महाविद्यालयात शिकवू लागली. माणसाळवण्याचा धडा आला की ती तेवढा दुसऱ्या कोणाला घ्यायला सांगे. लोक म्हणत, नवऱ्याचं दुःख आहे, आणि तिला ते बरं पडे.

आईचं घर तळमजल्यावर, पुढे थोडं अंगण, फाटकापलीकडे रस्ता आणि एक मोठं झाड. आई गुडघ्यामुळे दिवसभर खिडकीशी बसलेली असे. काल दुपारी ती सुट्टी म्हणून घरी होती. दोघी जेवायला बसल्या होत्या. बाहेरचे कावळे मघापासून गप्प होते, पण ते तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"किती दिवस तुला विचारीन म्हणते," आई ताटातलं लिंबू पिळत म्हणाली. "तो वेडा कोण गं, रोज दुपारी येऊन बसतो? तुझ्या ह्यांचा होता तसला चौकटीचा सदरा घालतो. बिचारा पाला खातो."

तिचा हात थांबला. "कुठे बसतो?"

"आधी रस्त्यापलीकडे बसायचा. मग फाटकाशी. आज अंगणात आलाय." आईने खिडकीबाहेर सहज पाहिलं आणि पुन्हा ताटाकडे वळली. "पहिल्यांदा मला भीती वाटली होती हो. आता काही वाटत नाही. तू जेव ना, गार होतंय."